केसभर लहान

बाजारात तिला सगळे भिंगबाई म्हणत. नाव ठेवणाऱ्याने काही मोठी अक्कल चालवली नव्हती. तिच्या गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग कायम लटकलेलं असे, एवढंच. चहा पिताना ते कपात बुडू नये म्हणून ती डाव्या हाताने धरून ठेवायची. लेक म्हणायची, आमची आई अंडीसुद्धा असली की नकली हे बघून घेते. भिंगबाईला यात हसण्यासारखं काही दिसत नसे. अंडं उजेडासमोर धरून बघावंच, असं तिचं प्रामाणिक मत होतं.

तिचं मूळ काम मुलाम्याचं. बत्तीस वर्षं ती एका कारखान्यात होती. नळाच्या तोट्या, दारांच्या मुठी, खुर्च्यांचे पाय, जे येईल ते तांब्याच्या तारेला टांगायचं, निकेलच्या टाकीत सोडायचं, वेळ झाली की काढून धुवायचं आणि घासून चमकवायचं. वाद्यं दुरुस्त करणारेही तिथे यायचे, जुन्या ड्रमचे सुटे भाग घेऊन. ते भाग हाताळता हाताळता तिची नजर तयार झाली, आणि पुढे पुढे लोक मुलाम्यापेक्षा नजरेसाठीच तिच्याकडे यायला लागले.

जुन्या ड्रमचं असं असतं, की लाकडाचं खोड सहसा टिकतं. कुरकुर करतात ते धातूचे भाग. खोडाच्या अंगावर बोटभर लांबीची धातूची घरं बसवलेली असतात, त्यांत ताणाचे स्क्रू जातात आणि ते पिळले की वरचं पान ताणलं जातं. या घरांना धंद्यातले लोक लग म्हणतात. साठ-सत्तर वर्षांत लग तडकतात, हरवतात. मग कोणीतरी तसेच दुसरे ओतून घेतो. तोवर ठीक. पण नंतर तो ड्रम 'अगदी मूळचा' म्हणून विकायला निघतो, आणि तिथे भिंगबाईची गाठ पडते.

ती आधी लग तळहातावर ठेवून डोळे मिटायची, वजनासाठी. मग तो उलटा करायची. बाहेरून सगळेच चमकवतात, आतून कोण चमकवतो? कारखान्यात पोलादी साच्यात ओतलेला असल लग आतून गुळगुळीत असतो. वाळूत ओतलेला रवाळ असतो. आतली स्प्रिंग बघायची, स्प्रिंग खडखडू नये म्हणून लावलेला नमद्याचा तुकडा बघायचा. शेवटी मोजमाप. असल लगावरून साचा घेऊन नक्कल ओतली, की धातू थंड होताना आखडतो आणि नक्कल असलापेक्षा केसभर लहान निघते. लबाडाला सगळं जमतं, हे एक जमत नाही. सगळं बघून झालं, की ती लग टेबलावर ठेवून दोनच शब्द बोलायची. "हा नाही." दहाही बोटांत अंगठ्या घालणारे व्यापारी त्या दोन शब्दांपुढे गप्प झालेले लोकांनी पाहिले होते. ती कधी चिडली नाही, कोणाला लबाड म्हणाली नाही. नुसती समोरच्याकडे क्षणभर बघायची आणि पुढचा लग उचलायची.

तिचा नवरा नाचाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्याला सगळे ठेका म्हणत. गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा माणूस. जेवायला बसला तरी चमच्याने ताटाच्या काठावर काहीतरी चाललेलं असायचं. चार महिन्यांपूर्वी तो गेला. भर दुपारी न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता. न्हाव्याने मान जरा सरळ करा म्हटलं, ती झाली नाही.

भिंगबाई पोचली तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. नवऱ्याचे उजवीकडचे केस कापलेले होते, डावीकडचे कानावर आलेले तसेच होते. ती न्हाव्याला म्हणाली, तेवढी दुसरी बाजू पुरी करा. बिचाऱ्याने केली. तिने मानेवरचे केस झटकले आणि तिथून पुढची सगळी कामं एकामागून एक उरकली. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. ती खंबीर नव्हती. दात काढल्यावर अर्धा गाल जसा आपला वाटत नाही, बोट लावलं तर बोटाला कळतं पण गालाला कळत नाही, तसं तिला सगळ्या अंगभर झालं होतं. ती वेळेवर उठायची, वेळेवर जेवायची, लेकीच्या फोनला उत्तर द्यायची. कोणी काही विचारलं की हो म्हणायची, कारण नाही म्हणायला कारण द्यावं लागतं.

म्हणूनच ट्रंपेटवाले भाऊजी आले तेव्हाही ती हो म्हणाली. हे नवऱ्याचे तीस वर्षांचे जोडीदार, बँडचे म्होरके. रक्ताचं नातं नव्हतं, पण ते तिला वहिनी म्हणत आणि ती त्यांना भाऊजी. वाद्यांच्या एका संग्रहालयात जुन्या नाचाच्या बँडची खोली उघडणार होती आणि त्यांना ठेक्याचा ड्रमसेट हवा होता. खाली त्याच्या नावाची पाटीही लावणार होते. फक्त नियमाप्रमाणे जाणकाराचा तपासणीचा कागद हवा. आणि या गोष्टीतला जाणकार म्हटला तर शहरात एकच, तो म्हणजे ती. संग्रहालयाच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, की घरचा सेट असला तरी हरकत नाही, तुमची सही असली की आम्हाला पुरे.

भाऊजींनी हे सगळं घाईघाईत सांगितलं, चहा अर्धा ठेवला आणि निघताना दारात थबकले.

"फार बारीक बघायची काही गरज नाही वहिनी," ते म्हणाले. "तुम्हीच तर बनवलाय तो."

ते खरंच होतं. लग्न झालं तेव्हा ठेक्याकडे स्वतःचा ड्रम नव्हता, बँडच्या मालकीच्या मोडक्या सेटवर तो वाजवायचा. भंगारबाजारात तिला एक जुनं मोठं खोड मिळालं, पुढे त्याच जातीची आणखी तीन. मग तीन वर्षं ती लग गोळा करत राहिली. कुठे एक, कुठे दोन, कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेच्या अडगळीतून एकदम सहा. चार ड्रमचे मिळून अठ्ठेचाळीस, सगळे एका कारखान्याचे, एका काळातले, जस्ताच्या मिश्रणाचे, एकही नकली नाही. सेट उभा राहिला त्या दिवशी ठेक्याने आधी बराच वेळ काही वाजवलंच नाही. नुसता भोवती फिरत राहिला. नंतर तिने त्या सेटला कधी भिंग लावलं नाही. एकदा पारखलं ते पारखलं. पुसायचं कामही त्याने तिला करू दिलं नाही. म्हणायचा, तुझ्या हातांना आम्लाचा वास, तू लांबच बरी. हे त्याचं प्रेमाचं बोलणं आहे असं ती समजत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मधल्या खोलीत वर्तमानपत्रं पसरली. ताजवा, मापायला व्हर्निअर, पेचकस, वही. सेट खिडकीच्या कोपऱ्यात होता, मोठ्या ड्रमची मागची बाजू भिंतीकडे. तिने वरचे छोटे ड्रम आधी घेतले. स्नेअर नावाच्या ड्रमचे आठ लग, त्यापुढच्याचे बारा. लग सोडवायचा, आत बघायचं, तोलायचा, मोजायचा, परत बसवायचा, वहीत खूण करायची. हाताला काम होतं आणि डोक्याला नव्हतं, त्यामुळे सकाळ बरी चालली होती. दहाच्या सुमारास तिने जमिनीवर उभा राहणारा ड्रम आडवा केला आणि तळाच्या बाजूचा एक लग काढून हातावर ठेवला.

तो जड होता.

तिने डोळे उघडले. लग उलटा केला. आतून रवाळ. काठावर जिथे मुलामा झिजला होता तिथे राखाडी दिसायला हवं होतं, तिथे पिवळं दिसत होतं. पितळ उघडं पडणं हा वाक्प्रचार लोक बोलण्यात वापरतात; तिला आयुष्यभर तो असाच, काठाच्या रेघेएवढा दिसत आला होता. तिने व्हर्निअर लावलं. केसभर लहान.

तळाला असे तीन निघाले. मग तिने मोठा ड्रम भिंतीपासून ओढला. पुढच्या बाजूचे आठही असल होते. मागच्या, भिंतीकडच्या बाजूचे आठही पितळेचे. अकरा. कोणीतरी सेटमधले चांगले लग उचलून दिसतील अशा जागी लावले होते आणि नकली मागे दडवले होते. कोणीतरी म्हणजे कोण, हे काही कोडं नव्हतं.

एक गोष्ट राहिली होती. तिने एका लगाच्या स्क्रूच्या भोकात भिंगातून बघितलं. मुलाम्यासाठी तार जिथे बांधतात तिथे निकेल चढत नाही, बारीक खूण राहते. बाकीचे कामगार तार एकदाच गुंडाळत. ती दोनदा गुंडाळायची, म्हणजे टाकीत माल निसटत नाही. भोकात दोन रेघा होत्या, एकमेकींना चिकटून. मुलामा तिच्या हातचा होता.

ती तशीच बसून राहिली. काहीतरी वाटायला हवं होतं आणि त्याची ती वाट बघत होती, बस येते का बघावं तशी. काही आलं नाही. चहावर साय धरली होती. तिने ती बोटाने बाजूला केली, गार चहा पिऊन टाकला आणि वहीत अकरा ठिकाणी फुली मारली.

लग कोणी ओतले हेही ती ओळखून होती. कानशीचे फटकारे काठाला वळसा घेऊन मारायची सवय शहरातल्या एकाच ओताऱ्याला होती. म्हातारा आता काम करत नव्हता, मुलीच्या चपलांच्या दुकानावरच्या खोलीत राहत होता. दुसऱ्या दिवशी एक लग रुमालात बांधून ती बसने तिकडे गेली.

ओताऱ्याला मोतीबिंदूने फारसं दिसत नव्हतं. त्याने लग हातात घेतला, अंगठा काठावरून फिरवला आणि म्हणाला, हे माझंच लेकरू. मग ती का आली असेल ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने लग लगेच परत दिला नाही. ठेका गेल्याचं त्याला माहीत होतं. आता तोंडात मिठाची गुळणी धरून कोणाचं भलं होणार, असं म्हणून त्याने सांगायला सुरुवात केली.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बँड कुठल्याशा लग्नाहून परतत होता. गाडीच्या मागच्या दाराची कडी लावायचं काम त्या दिवशी ठेक्याकडे होतं आणि गप्पांच्या नादात ती नीट लागली नाही. चढावर दार उघडलं, दोन ड्रम बाहेर पडले आणि उताराने गडगडत थेट एका दगडी जिन्यावरून खाली गेले. खोडांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण जस्ताचे लग ठिसूळ. अकरा तडकले. ठेका ते तुकडे पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी सकाळी ओताऱ्याकडे आला. नमुन्याला एक धड लगही काढून आणला होता.

"मी त्याला म्हटलं, बायकोला सांग," ओतारी म्हणाला. "शहरात या लगांची तिच्याइतकी खबर कोणाला आहे? चार महिन्यांत गोळा करून देईल. तो म्हणाला, दादा, तसं नाही."

"कसं नाही?"

 खाली दुकानात कोणीतरी चपला घालून बघत होतं, फरशीवर पाय आपटल्याचा आवाज येत होता.

"तो म्हणाला, ती रागावली तर मी सोसेन. पण ती रागावणार नाही. ती बघेल."

 ओताऱ्याने पुढचं सांगितलं. जस्ताचं ओतकाम त्याच्याकडे होत नव्हतं म्हणून त्याने पितळेत ओतले. मुलाम्यासाठी दुसऱ्या कारखान्यात द्यायचं ठरलं होतं, पण तिथली टाकी बंद होती आणि ठेक्याला घाई होती, तेव्हा नळाच्या तोट्यांच्या मालात घालून ते तिच्याकडेच पाठवावे लागले. माल पोचवायला ओतारी स्वतः गेला, कारण त्याला धाकधूक होती. तिने एक लग उचलून बघितला होता, म्हणे. काम चांगलं आहे म्हणाली होती, आणि मग विचारलं होतं, की कोणाला फसवायला नाहीत ना?

"मी म्हटलं, नाही बाई, घरगुती काम आहे." ओतारी हसला, मग हसू आवरून त्याने लग तिच्या हातात ठेवला. "खोटं नव्हतं ते."

तिला यातलं काहीच आठवत नव्हतं. तो प्रश्न ती सगळ्यांनाच विचारायची. तिला आठवलं ते वेगळंच. त्याच सुमाराला दहा-बारा दिवस सेट घरी नव्हता, हॉलवर रोज तालीम आहे असं नवऱ्याने सांगितलं होतं, आणि खोली रिकामी मिळाली म्हणून तिने तिथे गाद्या उन्हात घातल्यासारख्या पसरून उसवून शिवल्या होत्या. तिला तेव्हा बरं वाटलं होतं, घर शांत म्हणून.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. ती बघेल. या शब्दांचा तिने सगळ्या बाजूंनी विचार केला, लग फिरवावा तसा. लोकांची नक्कल पकडायची हे तिचं काम होतं आणि त्या कामात तिने कोणाचं वाकडं केलं नव्हतं. पण घरात ती त्याच डोळ्यांनी वावरली असणार; दुसरे डोळे आणणार कुठून? सूप खारट झालं तर ती बोलायची नाही, चमचा खाली ठेवून बघायची. लेकीचे मार्क कमी आले तर प्रगतिपुस्तकाकडे बघायची, मग लेकीकडे. तिला वाटायचं, आपण कधी आवाज चढवला नाही, आपलं घर चांगलं. आणि एक गोल चेहऱ्याचा बोलका माणूस त्याच घरात एकोणीस वर्षं मोठ्या ड्रमची मागची बाजू भिंतीकडे फिरवून ठेवत होता.

उतरायचा थांबा मागे गेला तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती पुढच्या थांब्यावर उतरली आणि चालत घरी आली.

संध्याकाळी तिने भाऊजींना फोन केला. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. सगळ्या बँडला माहीत होतं, म्हणाले. ती कधी हॉलवर यायची झाली, की कोणीतरी पटकन आपला कोट त्या ड्रमवर मागच्या बाजूने टाकायचं. थंडी असो नसो, सगळे कोट घेऊन यायचे. एकदा भर उन्हाळ्यात तिने विचारलं होतं, हा कोट कोणाचा, तेव्हा चौघांनी एकदम माझा म्हटलं होतं. सांगताना भाऊजींना हसू फुटलं आणि मग त्यांचा आवाज गेला. फोनवर बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. भिंगबाईने ते संपेपर्यंत वाट बघितली आणि बरं, ठेवते म्हणाली.

लेक रविवारी आली. तिने सगळं ऐकून घेतलं, वही बघितली, अकरा फुल्या बघितल्या. ती कचेरीत काम करणारी, सरळ हिशेबाची मुलगी. म्हणाली, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मग म्हणाली, की आता यात काय एवढं, कागदावर सगळे असल आहेत असं लिहून टाक, बाबांच्या नावाची पाटी लागेल, विषय संपला.

"तसं लिहिता येणार नाही," भिंगबाई म्हणाली.

"का नाही? कोण बघायला येणार आहे? बघणारी तूच."

"म्हणूनच."

लेक उठून खिडकीशी गेली, परत येऊन बसली.

"आई, तुला एक सांगू? मी कॉलेजचं पहिलं वर्ष नापास झाले होते. तू निकालाचा कागद बघितलास तो मी मैत्रिणीच्या भावाकडून छापून घेतला होता. बाबांना माहीत होतं."

भिंगबाईने तिच्याकडे बघितलं. मग आपण बघतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने नजर वहीवर नेली.

"तो कागद मला कळला नाही," ती म्हणाली.

"छपाई चांगली होती."

"असेल."

 मग लेकीने भांडी घासली, भिंगबाईने पुसली. जाताना लेकीने रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ तिचा हात धरला. हाताला ते कळलं. त्यापलीकडे कुठे पोचलं की नाही ते भिंगबाईला सांगता आलं नसतं.

तपासणीचा कागद तिने सोमवारी लिहिला. एकूण लग अठ्ठेचाळीस, पैकी सदतीस मूळचे, अकरा नकली. नकली लग पितळेचे, वाळूत ओतलेले, ओतकाम उत्तम. मुलामा निकेलचा, खाली सही करणारीच्या हातचा. खाली सही केली आणि पाठवून दिला.

चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. माणूस सभ्य होता. म्हणाला, तुमच्यासारखा प्रामाणिक कागद आम्ही बघितला नाही, पण आमच्या समितीचा नियम असा, की खोलीतली प्रत्येक वस्तू मूळ रूपात हवी. तुमच्याकडे तर असे लग असतीलच. अकरा बदलून दिलेत, की कागद नव्याने करता येईल, त्यात खोटंही काही नाही.

तिच्याकडे होते. कपाटाच्या तिसऱ्या खणात, कागदात गुंडाळून, त्याच जातीचे चौदा. इतकी वर्षं ती सवयीने गोळा करत आली होती. ठेक्याने एका शब्दाने सांगितलं असतं, तर त्याच आठवड्यात सेट पुरा झाला असता. हे तिच्या मनात आलं आणि तिथेच उभं राहिलं, ना पुढे गेलं ना मागे.

तिने अकरा लग काढून टेबलावर मांडले आणि मोठा ड्रम परत ओढला. पहिला नकली सोडवला. खालच्या लाकडावर लगाची सावली पडलेली होती. भोवतालचा रंग उडतो, झाकलेला भाग गडद राहतो. सावल्या दोन होत्या. बाहेरची फिकट, पूर्वीच्या असल लगाची, आणि तिच्या आत केसभर लहान, जास्त ताजी, नकलीची. असला डाग तिने शेकडो खोडांवर बघितला होता आणि प्रत्येक वेळी तो फसवणुकीचा पुरावा म्हणून वहीत टिपला होता. तिने त्यावर असल लग ठेवला. तो बरोब्बर बसला. दोन्ही सावल्या झाकल्या गेल्या, जणू कधी काही पडलंच नव्हतं, कोणी घाबरलं नव्हतं.

तिने स्क्रू पिळला. बाजूला होऊन बघितलं. मग पेचकस उलटा फिरवून असल लग काढला आणि नकली परत लावला. बाकीचे दहा तिने सोडवले नाहीत. चौदाही लग कागदात गुंडाळून तिसऱ्या खणात गेले. साहेबांना तिने सांगितलं, की सेट आहे असाच आहे, घ्यायचा तर घ्या. त्यांनी खेद कळवला. पाटी काही लागली नाही.

लेक म्हणाली, मग आता त्याचं करायचं काय? भाऊजी म्हणाले, हॉलवर पाठवा, वाजत तरी राहील. ती हो म्हणाली. या वेळी तिला नाही म्हणायलाही चाललं असतं, पण ती हो म्हणाली. बँडचे दोघे गाडी घेऊन आले. मागच्या दाराची कडी त्यांनी तीनदा ओढून बघितली, आणि तिसऱ्यांदा ओढताना एकमेकांकडे बघायचं टाळलं.

पुढच्या रविवारी दुपारी तालमीला तिला बोलावलं. हॉल साधाच, उंच खिडक्यांचा, भिंतीशी घडीच्या खुर्च्या. नवी ड्रमवाली टपाल कचेरीत काम करणारी बाई होती, चांगली दणकट, बाह्या सरसावून बसलेली. मोठा ड्रम मधोमध होता आणि त्याची मागची बाजू सगळ्या हॉलकडे उघडी. कोणी त्यावर कोट टाकला नव्हता. भिंगबाई मागच्या रांगेत बसली आणि त्यांनी दोन गाणी वाजवली. तिने कान देऊन ऐकलं. पितळेचा आवाज कुठला, जस्ताचा कुठला, काही कळलं नाही. वजन तिला कळायचं, माप कळायचं. हा ड्रम वाजतो कसा, हे तिने इतक्या वर्षांत असं बसून कधी ऐकलंच नव्हतं. घरात वाजला तेव्हा ती दुसऱ्या खोलीत काहीतरी करत असायची.

दोन गाण्यांच्या मध्ये ड्रमवालीने मोठ्या ड्रमच्या पानावर बोटं आपटून बघितली. पान सैल वाटतंय म्हणाली, आणि हॉलच्या मागे बघून विचारलं, की काकू, हे किती ताणलेलं असायचं हो?

"मला त्यातलं नाही कळत," भिंगबाई म्हणाली. "त्यांना विचारा."

बोलून गेल्यावर हॉलमध्ये कोणी हललं नाही. ड्रमवालीने काठ्या मांडीवर ठेवल्या. भाऊजींनी ट्रंपेट तोंडाशी नेलं होतं ते तसंच राहिलं. भिंगबाईला आधी कळेना, सगळे असे का थांबलेत. मग कळलं, आपण ठेक्याला विचारायला सांगितलं. चार महिने कागदोपत्री, फोनवर, बाजारात, सगळीकडे ती बरोबर बोलत आली होती. तिने समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

तिची खुर्ची धरलेली बोटं भाऊजींना दिसली असावीत.  त्यांनी ड्रमवालीकडे बघून मान हलवली, पायाने चार आकडे मोजले, आणि बँड सुरू झाला. ती शेवटपर्यंत बसली. नंतर सगळ्यांबरोबर उभी राहून तिने खुर्च्या मिटून भिंतीशी लावल्या, बाविसातल्या सात-आठ तिच्याच हातून लागल्या.